ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

 

आजचा विषय साधा आहे : बसमधले मोफत वायफाय. सुरुवात घरापासून करतो.

माझी भाची रोज बसने कॉलेजला जाते. तिच्याकडे भावाचा जुना मोबाइल आहे, पण त्यात सिम नाही. घरी ती भावाच्या हॉटस्पॉटवर काम भागवते. स्कॉलरशिपच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. बसमध्ये ‘मोफत वायफाय’ असे स्टिकर दिसले म्हणून तिने जोडून पाहिले. नंबर विचारला, तिने भावाचा दिला. ओटीपी गेला भावाच्या फोनवर, आणि तो होता कामावर. यादीत तशाच नावाचे दुसरे नेटवर्क होते. ते लगेच उघडले. त्याने नाव, नंबर, जन्मतारीख आणि आधार क्रमांक मागितला. घाईत तिने सगळे भरले. इंटरनेट काही मिळाले नाही. अर्ज शेवटी मैत्रिणीच्या फोनवरून गेला.

पुढच्या आठवड्यात भावाला फोन येऊ लागले : “तुमच्या बहिणीची स्कॉलरशिप मंजूर झालीय, ओटीपी सांगा.” सुदैवाने त्याने सांगितला नाही. पण घरात निकाल लागला : मुलीच्या हातात मोबाइल नको. ती मला म्हणाली, “मामू, फसवलं दुसऱ्यानं आणि शिक्षा मला?”

तिच्या या प्रश्नासाठी मी आज उभा आहे.

आधी तंत्र समजून घेऊ. बसच्या वायफायच्या डब्यात बहुधा एक सिम असते. त्याचे नेट सगळे प्रवासी वाटून घेतात, म्हणून ते घाटात तुटते आणि गर्दीत रेंगाळते. काही ठिकाणी तर इंटरनेट नसतेच. २०१६-१७च्या सुमारास एसटीत आलेल्या वायफायवर डब्यात आधीच भरून ठेवलेले सिनेमे आणि गाणी पाहता येत. त्यामुळे शेवटच्या दिवसाचा अर्ज बसच्या भरवशावर ठेवू नका.

नेटवर्कला नाव कुणीही काहीही देऊ शकतो. खरे नाव कंडक्टरला विचारा किंवा स्टिकरवर नीट वाचा. लॉगिनसाठी मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरतो. आधार, बँक खाते, यूपीआय पिन मागितला किंवा एखादे अ‍ॅप उतरवायला सांगितले, तर तिथेच थांबा. पैशांचे व्यवहार स्वतःच्या डेटावर करा. उतरताना ते नेटवर्क फोनमधून काढून टाका, म्हणजे तशाच नावाच्या नेटवर्कला फोन आपोआप जोडला जाणार नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा.

आता ओटीपी का मागतात? २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता. तिथे राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी चौकशी त्याच्याच दारात आली. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना काढल्या. याचा अर्थ सरळ आहे : ज्याचा नंबर, त्याच्या नावावर नोंद. शेजारच्या अनोळखी प्रवाशाला आपला ओटीपी देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही देणे. चौकशीची झळ काय असते, हे आपल्या मोहल्ल्यांना वेगळे सांगायला नको.

पण हाच नियम माझ्या भाचीला बाहेर ठेवतो. मोफत वायफाय तिच्यासाठी मोफत नाही, कारण तिच्याकडे स्वतःचा नंबर नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर स्वतःच्या नावाचे सिम मिळते. मग ते बहिणीला का घेऊन देत नाही? मोबाइल काढून घेतल्याने ती सुरक्षित होत नाही, फक्त अडाणी राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा फसते.

भाईंनो, तुमच्याकडे दोन कामे. घरी गेल्यावर संचार साथीच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा. आणि बहिणीला हे सगळे शिकवा, तिचा फोन तिच्याच हातात ठेवून.

भाचीला मोबाइल परत मिळाला. आता त्यात तिच्या नावाचे सिम आहे. त्यासाठी भावाशी मला तीन वेळा भांडावे लागले. तुम्हाला एकदाही भांडावे लागू नये, एवढीच इच्छा.