घूं, खर्र आणि झ्झ : बेसचा आवाज नक्की कुठून बिघडतो?

आजचा भाग शक्यतो हेडफोन लावूनच ऐका. कारण सांगतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झवर वाजते. तुमच्या मोबाइलचा चिमुकला स्पीकर एवढ्या खाली उतरतच नाही. तरी तो सूर ऐकल्यासारखा वाटतो, कारण त्याच्या वरचे हार्मॉनिक्स स्पीकरमधून येतात आणि उरलेलं मेंदू स्वतःच भरून घेतो. नॉर्मल गाणं ऐकायला हे चालून जातं. पण आज आपल्याला आवाजातली घाण शोधायची आहे, आणि तिथे मेंदूची ही मदत नडते.

मागच्या काही भागांनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. ‘दादा, रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ आवाज येतो, कुठलं पेडल घेऊ?’ उत्तर : कुठलंच नको. निदान अजून नको. मी दिवसा कोड लिहितो. तिथे बग सापडायच्या आधी नवा सर्व्हर विकत घेणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते इथे सांगत नाही. नॉइज गेट नावाचं पेडल तुम्ही वाजवत नसताना आवाज बंद करतं, बस्स. सूर चालू असताना घूं तिथेच असते, नुसती सुराच्या मागे लपलेली.

तर आधी हात. हो, वायर नाही, हात. मला लोक क्लिप पाठवतात, त्यातल्या बऱ्याचशांमध्ये गोंधळ विजेचा नसतो, न दाबलेल्या तारांचा असतो. एक प्रयोग करा. ई तारेवर पाचव्या फ्रेटला ए वाजवा आणि लगेच ती तार हाताने बंद करा. तरी ए ऐकू येत राहतो ना? बाजूची मोकळी ए तार ५५ हर्ट्झचीच आहे, तिला कोणी हातही न लावता ती हलायला लागली. चार तारांवर हे सतत चालू असतं. गिटारवर हे फार जाणवत नाही, बेसवर मात्र खाली सगळा चिखल होतो आणि मग आपण अँपच्या नॉबांना दोष देतो.

उपाय उजव्या हाताच्या अंगठ्यात आहे. बरेच जण अंगठा पिकअपवर रोवून ठेवतात. ई तार वाजवताना ठीक आहे. पण तुम्ही डी किंवा जीवर गेलात की अंगठाही सोबत खाली सरकू द्या, म्हणजे तो ई आणि ए वर आडवा पडून त्यांना गप्प ठेवतो. याला फ्लोटिंग थंब म्हणतात. शिवाय छेडणारं बोट तार ओलांडून हवेत उडू देऊ नका, ते पुढच्या जाड तारेवर जाऊन टेकलं पाहिजे. ए छेडली की बोट ई वर विसावलं, एवढं साधं. डाव्या हाताचं काम उलट बाजूचं : ज्या बोटाने फ्रेट दाबलाय त्याचाच सपाट भाग खालच्या बारीक तारांना हलकेच लागलेला हवा. आणि सूर संपवताना बोट एकदम उचलू नका. आधी दाब सोडा, तार गप्प होऊ द्या, मग उचला. नाहीतर दर वेळी ‘टप्’ असा एक फुकटचा मोकळा सूर मिळतो.

दोन बोटांनीच वाजवलं पाहिजे, असा काही कायदा नाही बरं का. मोटाऊनच्या त्या सगळ्या गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचा. कॅरल के पिकने वाजवायच्या. आपल्या मुंबईची मोहिनी डे बघा, तिचा वेग वेगळ्याच ग्रहावरचा आहे, पण व्हिडिओ हळू करून पाहा : न वाजणाऱ्या तारांवर कुठला ना कुठला हात आहेच. पद्धती हजार, गप्प करणं सगळ्यांना सारखंच.

आता खर्र आवाज. तार फ्रेटवर घासल्यासारखी वाजते तो. आधी बोट बघा. फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी चिकटून, तिच्या मागे दाबलं तर कमी जोरात सूर स्वच्छ येतो. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं की जोरही जास्त लागतो आणि खरखरही येते. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे महत्त्वाचं आहे, कारण मनगट एकच आहे, ऑफिसचं वेगळं आणि बेसचं वेगळं असं नसतं. बेसचा स्केल ३४ इंच, पहिल्या चार फ्रेटांवर चार बोटं ताणून बसवायचा अट्टहास करू नका. उभ्या डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत आहे : पहिलं, दुसरं आणि करंगळी, तीन फ्रेटांत काम. खाली तीच वापरा, वर गेल्यावर एकेका फ्रेटला एकेक बोट. मनगट दुखायला लागलं तर वाजवणं थांबवा. दुखणं म्हणजे ‘मेहनत चाललीये’ नव्हे.

बोट बरोबर असूनही खर्र येत असेल, तर नेक. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं आणि नेकचा बाक बदलतो. मेमध्ये छान लागलेला बेस ऑगस्टमध्ये वेगळा वागतो, त्यात तुमचा काही दोष नाही. ई तार पहिल्या फ्रेटला आणि शेवटच्या फ्रेटला एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि पट्टी यांच्यातली फट बघा. साधारण व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. फटच नसेल किंवा दोन-तीन कार्डं मावत असतील तर ट्रस रॉड फिरवायला लागेल. एका वेळी पाव आटा, मग पुन्हा ट्यून करून बघायचं. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, दुकानात न्या.

हे सगळं झालं आणि तरी घूं आहे. बरं. आता वीज.

आपल्याकडे मेन्सची वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी मिळतो, तो ४९ हर्ट्झ. म्हणजे तुमच्या घरातली घूं हा थोडा चढलेला जी आहे, एका सेमीटोनचा साधारण एक तृतीयांश वर. त्यामुळे गाणं जी मध्ये असेल तर तुमचा सूर आणि घूं एकमेकांवर आदळून सेकंदाला एक असा हेलकावा येतो, आणि माणूस तासभर ट्यूनर बघत बसतो. अमेरिकन यूट्यूबवाल्यांकडे ६० हर्ट्झ असते, म्हणून त्यांच्या व्हिडिओतली घूं आपल्या घूंपेक्षा वेगळ्या सुरात असते. घूंऐवजी जरा तीक्ष्ण, माशीसारखी झ्झ असेल, तर त्यात १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरची पिल्लावळ आहे. ती बहुतेकदा पॉवर सप्लाय, एलईडी दिवे किंवा पंख्याच्या रेग्युलेटरकडून येते.

शोधायची पद्धत तीच जी आपण कोडमध्ये वापरतो : अर्धं अर्धं कापत जा. बेसचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. जाझ बेससारखे दोन व्हॉल्यूम असतील तर दोन्ही. घूं गेली? मग ती पिकअपमधून येत होती. तशीच राहिली? मग बेस निर्दोष आहे, केबल, अँप किंवा वीज बघा. या एका दहा सेकंदांच्या चाचणीत अर्धं जग बाद होतं.

पिकअपमधून येत असेल तर जागेवर उभं राहून हळूहळू गोल फिरा. हसू नका. एखाद्या दिशेला घूं कमी होत असेल तर सिंगल कॉइल पिकअप जवळच्या अ‍ॅडॅप्टरचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. त्यापासून लांब बसा. प्रिसिजन बेसमध्ये १९५७ पासून पिकअपचे दोन तुकडे असतात, ते एकमेकांची घूं खोडून काढतात. जाझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की बहुधा हेच होतं, एक कमी केला की घूं परत. तो बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे.

मग तारांना हात लावा. ही चाचणी लॅपटॉप बॅटरीवर असताना किंवा अर्थिंग तपासलेल्या सॉकेटवरच करायची, का ते येतंच आहे. हात लावल्यावर झ्झ कमी झाली तर बेसमधली अर्थची वायर शाबूत आहे, फक्त आतल्या पोकळीला शील्डिंग कमी आहे. तांब्याची चिकटपट्टी लावून बराच फरक पडतो. तारांना हात लावून काहीच बदलत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर आवाज कमी होतो? मग ब्रिजखाली जाणारी वायर तुटलेली असणार. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला. बीप नाही म्हणजे चोर सापडला. हात लावल्यावर आवाज उलट वाढत असेल, तर जॅकमधल्या दोन वायरी उलट्या सोल्डर झाल्याची शक्यता बघा.

केबलबद्दल पटकन. हलवल्यावर करकर झाली तर प्लगमधलं सोल्डर गेलंय. नॉब फिरवताना करकर झाली तर पॉटमध्ये धूळ आहे, काँटॅक्ट क्लीनर मारा, गंज काढायचा घरगुती स्प्रे नको. आणि दिसायला अगदी सारखी असली तरी स्पीकर केबल आणि इन्स्ट्रुमेंट केबल वेगळ्या असतात. स्पीकर केबलला शील्ड नसतं, ती बेसला लावली की अँटेना तयार. उलट केलं, म्हणजे इन्स्ट्रुमेंट केबलने अँपचं हेड आणि कॅबिनेट जोडलं, तर ती बारीक तार तापू शकते. मोबाइल अँपवर ठेवू नका, हेही जाता जाता.

लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेसवाल्यांनी चार्जर काढून बघा. घूं किंवा किर्र एकदम गेली तर दोष चार्जरच्या वाटेने येतोय. तेवढा टेक बॅटरीवर घ्या. इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं हवं, बेसचा व्हॉल्यूम पूर्ण, आणि गेन असा की जोरात वाजवल्यावर मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. बेस बारीक ठेवून गेन वाढवलात तर सुरासोबत सगळा कचरा मोठा होतो.

आता तो मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी हा भाग केला. घूं घालवायचा एक ‘जुगाड’ सगळीकडे फिरतो : अँपच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाका किंवा टू-पिन अ‍ॅडॅप्टर लावा. दोन उपकरणं दोन ठिकाणी अर्थ झाली की ग्राउंड लूप होतो, आणि एकाचा अर्थ तोडला की घूं खरंच जाते. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अँपच्या धातूच्या अंगाला जोडलेल्या असतात. अँपमध्ये आत काही सुटून फेज त्या धातूला लागला, तर अर्थ असताना फ्यूज किंवा एमसीबी उडतो. अर्थ नसताना काहीच उडत नाही. तारांवर २३० व्होल्ट येऊन थांबतात. मग तुम्ही माईकपाशी जाता, माईकची जाळी मिक्सरच्या अर्थला, तुमची बोटं तारांवर आणि ओठ जाळीवर. करंट हातातून छातीवाटे जातो.

३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर असाच गेला. तारांवर हात, अर्थिंग नीट नसलेल्या माईकला स्पर्श. प्रेक्षकांसमोर.

आपल्याकडे गॅदरिंगला, मंडपात, जनरेटरवर ‘माईकला जरा करंट लागतोय’ हे वाक्य किती सहज बोललं जातं! आमच्या बँडच्या एका साउंडचेकला गायकाच्या ओठाला चटका बसला. व्यवस्थेवाल्यांनी माईकवर फोमची टोपी चढवली आणि ‘आता नाही लागणार’ म्हणाले. आम्ही वाजवायला नकार दिला. चाळीस मिनिटं वाद, आयोजकांचे चेहरे पडलेले, मागे ढोलकीवाला चहा पितोय. शेवटी इलेक्ट्रिशियनने स्टेजचा बोर्ड उघडला, तर अर्थची वायर कुठेच जोडलेली नव्हती, नुसती लोंबत होती.

ग्राउंड लूपच असेल तर डीआय बॉक्स घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते सिग्नलच्या केबलमधलं शील्ड तोडतं, मेन्सच्या अर्थला हात लावत नाही. किंवा सगळी उपकरणं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, तेवढ्यानेही बऱ्याचदा लूप मोडतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर इलेक्ट्रिशियनकडून एकदा सॉकेट मोजून घ्या : फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थ आहे असं होत नाही, तो फक्त फेज दाखवतो. तीस मिलीअँपचा आरसीसीबी बसवायला घरमालक तयार झाला तर उत्तम. नाहीच झाला तर हा भाग त्याला पाठवा. आणि अँप स्वतः उघडू नका, विशेषतः ट्यूबचा. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर बराच वेळ चार्ज धरून ठेवतात.

एक राहिलंच. अ‍ॅक्टिव्ह बेसवाल्यांनो, आवाज फाटका आणि बारीक येत असेल तर सोल्डरिंग गन काढायच्या आधी मागची ९ व्होल्टची बॅटरी बदला. केबल जॅकमध्ये घातली की सर्किट चालू होतं, त्यामुळे वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. मी जातो, खाली पार्किंगमध्ये कोणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजतोय, आणि तो मला वाटतं बी फ्लॅट आहे.