आतड्याचे दोन थर आणि बाळाची पहिली शी

सरोजिनी नगरच्या बाजारातून सलवार आणली की घरी आल्यावर नेफ्यात नाडी ओवावी लागते. नाडीला सेफ्टी पिन लावायची, पिनेच्या मागचं कापड चिमटीत धरायचं आणि पुढचं कापड पिनेवर गोळा करत आणायचं. आपलं आतडं दिवसभर जवळजवळ हेच करत असतं. चिमटीचं काम आतल्या स्नायूंच्या थराचं. त्याचे तंतू नळीभोवती बांगडीसारखे गोल असतात. कापड गोळा करण्याचं काम बाहेरच्या थराचं; त्याचे तंतू नळीच्या लांबीने धावतात.

ही रचना अन्ननलिकेपासून शेवटपर्यंत आहे, थोड्याफार फरकाने. जठराला अन्न घुसळायचं असतं म्हणून तिथे तिरक्या तंतूंचा तिसरा थरही असतो. मोठ्या आतड्यात बाहेरचा थर तीन पट्ट्यांत गोळा झालेला असतो, त्यामुळे त्याला चुण्या पडतात. अन्ननलिकेच्या वरच्या भागात हातापायांसारखेच स्नायू असतात, पण घास घशाखाली उतरला की आपलं ऐच्छिक काम संपलं. पुढचं आतडं बघून घेतं.

कसं बघून घेतं? या दोन थरांच्या मधोमध मज्जापेशींचं एक जाळं पसरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात ऑअरबाख यांनी ते दाखवलं, आजही त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. 1899 मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग करून सांगितलं, की आत काही आलं की त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो. मेंदूकडून येणारे मज्जातंतू तोडले तरी हे चालू राहतं.

आवळणं सगळ्यांच्या लक्षात राहतं. सैल पडणं मात्र विसरलं जातं, आणि आजचा माझा मुद्दा तोच आहे. पुढचा भाग सैलच पडला नाही तर मागून कितीही जोर लावा, माल पुढे सरकणार नाही.

गर्भात या मज्जापेशी वरून खाली, अन्ननलिकेकडून गुदद्वाराकडे प्रवास करतात. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत त्या शेवटाला पोचतात. सुमारे 5,000 बाळांमागे एका बाळात त्या वाटेतच थांबतात. मग आतड्याच्या शेवटच्या तुकड्यात दोन्ही थर धडधाकट असतात, पण मधलं जाळं नसतं. तो तुकडा सैल होत नाही. त्याच्या वरचं निरोगी आतडं मात्र तुंबून फुगतं. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा नजर गेली ती फुगलेल्या भागावर. दोष खालच्या अरुंद, दिसायला साध्या भागात आहे हे पक्कं कळून स्वेन्सन यांची शस्त्रक्रिया यायला 1948 उजाडलं! मज्जापेशी नसलेला तुकडा काढून निरोगी आतडं खाली ओढून जोडतात. आजही मूळ पद्धत हीच.

आता घरात येऊ. बाळंतपणासाठी नागपूर-साताऱ्याहून आजी दिल्लीला येते. बाळाला शी झाली नाही की विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावते. कधी एरंडेलाचं बोट चाटवते. आजीची माया खरी आहे, आणि अडचण अशी की देठाचा उपाय कधीकधी 'लागू' पडतो. या आजारात गुदद्वाराला स्पर्श झाला की अडकलेला वारा आणि शी एकदम बाहेर पडू शकते. घर निर्धास्त होतं आणि निदान लांबतं. तुंबलेल्या आतड्याला जंतुसंसर्ग झाला तर तो जिवावर बेतू शकतो. एरंडेल तर नवजात बाळाला देऊच नका.

म्हणून पहिल्या काळ्या शीची वेळ लिहून ठेवा. पूर्ण दिवसांच्या दहांतल्या नऊहून जास्त बाळांना ती 24 तासांत होते, उरलेल्यांपैकी बहुतेकांना 48 तासांत. 48 तास उलटले तर बाळ दूध पीत असलं तरी दाखवायचंच. पोट टम्म फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर तास मोजू नका, रात्र असली तरी निघा. इथून सफदरजंग आणि एम्स ही दोन्ही मोठी रुग्णालयं जवळ आहेत. दोन्हीकडे लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. डॉक्टर आतड्याच्या आतून चिमूटभर तुकडा काढतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली मज्जापेशी शोधतील.

एक मात्र सांगतो, नाहीतर उद्या सगळ्याच आया धावतील. फक्त अंगावर पिणारं दीड-दोन महिन्यांचं बाळ, ज्याला पहिली शी वेळेवर झाली होती, चार-पाच दिवस शी न करता मजेत खेळू शकतं. पोट मऊ असेल, दूध पीत असेल, वजन वाढत असेल आणि झालेली शी पातळ असेल, तर त्याला देठही नको आणि दवाखानाही नको.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या आजींनी केव्हाचा हात वर केलाय.