परदेशाला मदत कशासाठी? : वळिवड्याच्या छावणीचा धडा



 संस्थेच्या वार्षिक समारंभात अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांवर बोलण्याचा प्रघात आहे. ते सारे आपल्या गुरुजनांकडून आपण रोज ऐकतच असता. म्हणून आज मी एक वेगळा विषय घेतला आहे. सरकार परदेशांना जी मदत करते, ती कशासाठी? आणि ती कशी असावी?

वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक देशाला भारताने धान्य पाठवले, तमुक देशात धरण बांधून दिले. ती वाचून पुष्कळ पालकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. आमच्या मुलाला वसतिगृहात जागा मिळत नाही, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, आणि सरकार दुसऱ्याच्या घरी दिवा लावायला निघाले! आपल्यात म्हणच आहे, घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. हा प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र त्याचे उत्तर शोधण्यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही. ते आपल्या कोल्हापूरच्या वेशीवरच आहे.

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वळिवडे हे गाव आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, येथे पोलंडमधील निर्वासितांची छावणी वसवण्यात आली. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएट रशिया या दोघांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व भागातील लाखो लोकांना रशियाने सैबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला. तेव्हा लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि रशिया यांचा करार झाला व या लोकांना सुटका मिळाली. १९४२ साली त्यांतले लाखाहून अधिक लोक कास्पियन समुद्रावरून इराणात पोहोचले. पुरुष सैन्यात गेले. मागे राहिलेल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांनी जावे कोठे? काहींना पूर्व आफ्रिकेने घेतले, काहींना मेक्सिकोने व न्यूझीलंडने, आणि काही आपल्याकडे आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना आश्रय दिला. त्याहून मोठी वसाहत झाली ती वळिवड्यास. तेथे सुमारे पाच हजार लोक राहिले.

आता हा खर्च कोणी केला ते पाहा. छावणीला जागा मिळाली ती कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत. व्यवस्थेची जबाबदारी त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारची होती. खर्च प्रामुख्याने लंडनमधील पोलिश सरकारच्या नावावर पडत असे, व त्या सरकारला ब्रिटनकडून कर्जाऊ पैसा मिळत असे. १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. पुढे युद्धग्रस्तांना मदत करण्यासाठी स्थापन झालेल्या ‘अन्रा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने या लोकांचा भार उचलला. म्हणजे एका घासामागे चार हात होते. सरकारी मदत म्हणजे कोणा एका दात्याची थैली नव्हे. जागा एकाची, पैसा दुसऱ्याचा, रेल्वे तिसऱ्याची असे ते काम असते. त्यातला एक हात जरी सुटला तरी निर्वासित उघड्यावर येतो.

विद्यार्थी मित्रहो, या छावणीतली एक गोष्ट तुम्ही विशेष ध्यानात घ्यावी. तेथे नुसता शिधा वाटला जात नव्हता. तेथे बालवाडी होती, प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती. दवाखाना होता, चर्च होते, बालवीर पथके होती, नाटके होत. शिकवणारे बहुतेक त्यांच्यातलेच होते. रांगेत उभे राहून भाकरी घेणारा माणूस हळूहळू स्वतःला रांगेतलाच समजू लागतो. वळिवड्याच्या मुलांच्या बाबतीत तसे घडले नाही, कारण सकाळी त्यांना वर्गात जायचे होते आणि गृहपाठ दाखवायचा होता. १९४७-४८ मध्ये ही मंडळी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत गेली, तेव्हा छावणीत घेतलेले शिक्षणही त्यांच्याबरोबर गेले.

ही कल्पना कोल्हापूरला नवी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थी वसतिगृहांना आश्रय दिला आणि १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. महाराजांनी जागा दिली, साहाय्य दिले, आणि प्रत्येक समाजातील माणसांना कारभारात उभे केले. आधार द्यावा, पण घेणाऱ्याचे पाय त्याचेच राहू द्यावेत, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

परंतु याच कथेला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. ज्या १९४३ साली वळिवड्यात निर्वासितांसाठी घरे उभी राहिली, त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे तीस लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. सरकार तेच होते. व्हाइसरॉय वेव्हेल यांनी धान्यासाठी लंडनला पुन्हापुन्हा लिहिले. युद्ध मंत्रिमंडळाने जहाजे नाहीत हे कारण पुढे केले आणि मागणीच्या मानाने थोडेच धान्य पाठवले. ‘अन्रा’ची स्थापनाही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. हिंदुस्थान तिचा सभासद होता व त्यानेही तिला कोट्यवधींची वर्गणी दिली. तरीही बंगालला तिच्याकडून धान्य मिळाले नाही.

आपण म्हणाल, मग आधी बंगाल आणि नंतर पोलंड असे का केले नाही? येथेच आपली चूक होण्याचा संभव असतो. वळिवड्याच्या पाच हजार बायकामुलांनी बंगालच्या तोंडचा घास काढून घेतला नव्हता. त्यांना हाकलून दिले असते तरी कलकत्त्याच्या फूटपाथवरचा एकही जीव वाचला नसता. बंगालला मारले ते राज्यकर्त्यांच्या धोरणाने. ज्यांना मतही नव्हते, त्यांच्या उपाशीपणाची किंमत त्या धोरणात धरलेलीच नव्हती. म्हणून एका गरिबाला दुसऱ्या गरिबापुढे उभे करून “याला की त्याला?” असे कोणी विचारू लागले, तर आपण उलट विचारावे, “बाकीचा पैसा कोठे गेला?”

आपल्याच काळातला हिशेब घ्या. २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एकूण खर्च सुमारे ४८ लाख २१ हजार कोटी रुपये धरला होता. त्यात परराष्ट्र खात्याच्या वाट्याला सुमारे २२ हजार १५५ कोटी आले. म्हणजे शंभर रुपयांत पन्नास पैशांहूनही कमी, आणि त्यातच वकिलाती आल्या, पासपोर्टची कामे आली. इतर देशांना प्रत्यक्ष मदत म्हणून जो भाग जातो तो शंभर रुपयांत दहा-बारा पैशांच्या आसपास येतो. आपल्या मुलाची शिष्यवृत्ती या दहा पैशांमुळे अडत नाही. ती कोठे अडते हे शोधायचे असेल तर उरलेल्या नव्व्याण्णव रुपये नव्वद पैशांकडे बघावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर आपला देश देणाराही झाला आणि घेणाराही. १९५६ साली अमेरिकेशी करार झाला व ‘पी. एल. ४८०’ खाली तिकडचा गहू येऊ लागला. तो गहू अनेकांच्या पोटात गेला, हे खरे. पण १९६५-६६ च्या अवर्षणात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडण्यास सुरुवात केली. आपले शेतीविषयक धोरण आणि व्हिएतनामच्या युद्धावरची आपली टीका, दोन्ही त्या तराजूत तोलली जात होती. दुसऱ्याच्या ताटातला घास घेताना मान खाली घालावी लागते, हे त्या पिढीने अनुभवले. अन्नधान्यात स्वयंपूर्ण होण्याची निकड त्यामुळे अधिकच वाढली.

म्हणून आपण देताना कसे देतो, याला महत्त्व आहे. १५ सप्टेंबर १९६४ रोजी भारताने ‘आयटेक’ नावाची योजना मंजूर केली. तीत पैसा वाटण्यापेक्षा शिक्षणावर भर आहे. आशिया-आफ्रिकेतील विकसनशील देशांचे अधिकारी व तंत्रज्ञ येथे येऊन प्रशिक्षण घेतात. भूतानमध्ये चुखा येथे ३३६ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र भारताच्या साहाय्याने उभे राहिले. त्याचा साठ टक्के खर्च अनुदान म्हणून व चाळीस टक्के कर्ज म्हणून दिला गेला. १९८६ ते १९८८ या काळात ते सुरू झाले. तेथली जादा वीज भारत विकत घेतो. भूतानच्या तिजोरीत पैसा येतो, आपल्याकडे दिवा लागतो, आणि कोणी कोणापुढे हात पसरत नाही.

१९७१ सालचे उदाहरण तर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. तेव्हा सरकारने टपालाच्या पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले. तिकिटावर ‘रिफ्यूजी रिलीफ’ असा छाप असे. १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ अखेरपर्यंत हे चालले. परराष्ट्र धोरण म्हणजे बड्या लोकांचा खेळ, असे आपण समजतो. त्या काळात गावाकडे चार ओळी लिहिणारा गिरणीकामगारसुद्धा त्या धोरणाला पाच पैसे देत होता.

वळिवड्याची छावणी पोलिश लोक गेल्यानंतरही ओस पडली नाही. फाळणीने सिंधमधून उखडलेली हिंदू कुटुंबे त्याच जागी येऊन राहिली. तेच आजचे गांधीनगर. आपण ज्या बाजारपेठेत लग्नाचा बस्ता बांधायला जातो, ती निर्वासितांनी उभी केलेली आहे. आणि २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनवर युद्ध कोसळले, तेव्हा तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुले सरहद्दीवर पोहोचली, त्यांना पोलंडने व्हिसावाचून आत घेतले. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, वळिवड्याच्या छावणीचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. पोलंडने जुन्या उपकाराची फेड केली असे मी म्हणणार नाही, कारण युक्रेनमधून आलेल्या लाखो लोकांनाही त्याने आत घेतले होते. पण एकदा स्वतः बेघर झालेल्या लोकांच्या स्मरणात दार उघडणारा राहतो, एवढे खरे.

पालकहो, मदतीची पारख करण्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुरात आपला जिल्हा स्वतःच मदत घेणारा झाला होता. होड्या आल्या, जवान आले, गावोगावहून ट्रक आले. पण धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे लावल्यावरून त्याच वेळी लोकांनी संतापही व्यक्त केला. भुकेल्याला देखील मान असतो. मदत कोणत्याही सरकारची असो, तीन गोष्टी विचाराव्यात. ती वेळेवर पोहोचली का? घेणाऱ्याला स्वतःच्या कारभारात हात मिळाला का? आणि मदतीची गाडी परत गेल्यावर मागे काही टिकले का? २०२० च्या साथीत इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवून तेथील सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. वाटून संपणारी ती वस्तू नव्हती, आणि त्या खाटेवर कोणाचा रुग्ण येईल असेही कोणी विचारले नाही.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी परराष्ट्र खात्यात जाईल, कोणी डॉक्टर होऊन भूकंपग्रस्तांच्या छावणीत उभा राहील, कोणी नुसताच मतदार राहील. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा भारतीय लष्कराच्या डॉक्टरांनी इस्केंदेरून येथे रुग्णालय थाटले होते. त्या डॉक्टरांनीही कोठल्यातरी शाळेच्या बाकावरच सुरुवात केली असेल. यासाठी भूगोल नीट शिका, इतिहास नीट शिका, निदान एक परकी भाषा आत्मसात करा. अंदाजपत्रक वाचायला शिका. नकाशावर ज्या देशाचे नाव सापडत नाही, त्याच्या दुःखावर मत देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

आणि सवड मिळाली तर एकदा वळिवड्याला जाऊन या. ते काही फार लांब नाही.