जागांचा दलाल

दलाल हा शब्द मराठींत कोणी कौतुकानें उच्चारीत नाहीं. लग्न जुळविणारा तो मध्यस्थ, तंटा मिटविणारा तो पंच. पण घर घेणारा आणि घर देणारा यांची गांठ घालून देणारा मात्र दलाल, आणि तो शब्द तोंडांतून निघतांना त्यांत थोडी तुच्छता मिसळल्यावांचून राहत नाहीं. शब्दाचें मूळ पाहूं गेल्यास मात्र तें फार सात्त्विक आहे. वाट दाखविणें या अर्थाचा जो अरबी धातु, त्यापासून हा शब्द निघाला. वाटाड्याला त्या भाषेंत ‘दलील’ म्हणतात, आणि सत्याची वाट दाखवितो म्हणून पुराव्यालाहि तेंच नांव आहे. तेव्हां दलाल म्हणजे मुळांत वाट दाखविणारा. मुंबईसारख्या शहरांत, जेथें परगांवच्या माणसाला नोकरी सांपडते पण जागा सांपडत नाहीं, तेथें असा वाटाड्या किती अडचणी निवारतो, हें जागेसाठीं वणवण केलेल्या कोणालाहि सांगावयास नको.

गिरगांवापासून दादर-माटुंग्यापर्यंतच्या टापूंत काम करणारा असा एक दलाल डोळ्यांसमोर आणावा. वय पंचावन्नच्या पुढें, धंद्यांत तीस वर्षें झालेलीं, पायांत झिजलेल्या पण जाड तळाच्या चपला. खांद्यावरच्या पिशवींत किल्ल्यांचे तीनचार जुडगे. प्रत्येक किल्लीला सुतळीनें बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर इमारतीचें नांव. खिशांत मोबाइल आहे आणि त्यावर जागांचीं छायाचित्रेंहि आहेत. परंतु त्या छायाचित्रांवर त्याचा स्वतःचा फारसा विश्वास नाहीं. छायाचित्रांत प्रत्येक खोली मोठी दिसते आणि कोणत्याच खोलीला वास येत नाहीं, असें तो म्हणतो. जागेंत शिरतांच तो प्रथम न्हाणीघरांतला नळ सोडतो, मग पश्चिमेच्या भिंतीवर बोटांनीं हलकेच ठोकून पाहतो, आणि शेवटीं खिडकी उघडून समोरच्या इमारतीचें अंतर नजरेनें मोजतो. कोणत्या गल्लींत पाणी पहांटे येतें, कोणत्या सोसायटींत लिफ्ट आठवड्यांतून दोनदां बसते, कोणत्या इमारतीचा भोगवट्याचा दाखला अजून मिळालेला नाहीं, ही माहिती कोणत्याहि कागदावर एके ठिकाणीं लिहिलेली नसते. तीच त्याची खरी पुंजी.

कागदांचा व्याप निराळाच. जागा विकावयाची तर विक्रेत्याच्या नांवचा सोसायटीचा भागदाखला, मागच्या खरेदीखतांची सांखळी, नोंदणी कचेरींतला ‘इंडेक्स टू’ उतारा आणि जमिनीचें मालमत्ता पत्रक हीं सारीं जुळावीं लागतात. भाड्यानें द्यावयाची तर करार अकरा महिन्यांचा करण्याची रूढ चाल आहे, आणि अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं अशी पुष्कळांची ठाम समजूतहि आहे. ती चुकीची आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणें असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. हें समजावून सांगण्यांत दलालाचें रोज अर्धा तास जातो. पूर्वीं इमारतीखालचा पानवालाहि हा धंदा जोडधंदा म्हणून करी. २०१६ चा ‘रेरा’ कायदा आल्यापासून, बांधकामाच्या नोंदणीकृत प्रकल्पांतल्या जागा विकणाऱ्याला स्वतःची नोंदणी करावी लागते. आणि २०२३ मध्यें महाराष्ट्रांतल्या प्राधिकरणानें त्यावर शिक्षणक्रम आणि परीक्षा यांची भर घातली. पंचावन्नाव्या वर्षीं चटईक्षेत्राची व्याख्या पाठ करीत बसलेल्या बापाला मुलीनें चहा नेऊन दिला आणि ‘बाबा, पास झालांत तर पेढे मी आणीन’ म्हणून हंसली. पेढे तिनें आणलेहि.

या धंद्याला मुंबईंत एवढें महत्त्व कां आलें, हें शहराच्या इतिहासांतच आहे. १८९६ सालीं प्लेग आला, शहरांतल्या कोंदट वस्तीकडे सरकारचें लक्ष गेलें आणि १८९८ मध्यें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या आंखणींतून दादर-माटुंग्याकडच्या सरळ रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. एके काळीं त्या बाजूच्या इमारतींवर ‘जागा भाड्यानें देणें आहे’ अशा पाट्या लटकत आणि मालकच भाडेकरूची वाट पाही, असें जुनीं माणसें सांगत. दुसऱ्या महायुद्धानें तें चित्र उलटें केलें. माणसें वाढलीं, बांधकाम थांबलें. आणि १९४७ च्या कायद्यानें भाडीं बहुतांशीं १९४० सालच्या पातळीवर गोठविलीं. भाडेकरूला त्यानें आधार मिळाला यांत शंका नाहीं, पण वाढतां न येणाऱ्या भाड्याची भरपाई मालक दुसऱ्या दारानें करूं लागले. तें दार म्हणजे पागडी. रोख रक्कम, पावती नाहीं, साक्षी नाहीं. विश्वास काय तो दलालाच्या शब्दावर. पागडीला कायद्याची मान्यता मिळावयाला पुढें १९९९ चा कायदा यावा लागला. मधल्या पन्नास वर्षांत जो व्यवहार उजेडांत करतां येत नव्हता, तो करून देणाऱ्याची प्रतिष्ठा अंधारांतच राहिली, यांत नवल काय? दोष दलालांचा नव्हता असें नव्हे. पण सगळा दोष त्यांचाच होता, असेंहि नव्हे.

दलालाची खरी अडचण निराळी आहे. जागा दाखविण्याचे त्याला पैसे मिळत नाहींत. सौदा जुळला तरच मिळतात. भाड्याच्या व्यवहारांत बहुधा एका महिन्याचें भाडें, विक्रींत शेंकडा एक किंवा दोन. चाळीस जागा दाखवून एकहि पसंत पडली नाहीं, तर चाळीस जिने चढल्याची मजुरी शून्य. म्हणजे ज्याच्याकडून सर्वांना खऱ्याची अपेक्षा, त्याचें पोट मात्र ‘हो’ या एकाच उत्तरावर भरणारें. या पेंचांतून कोणताहि दलाल सुटलेला नाहीं, आणि हा दलालहि सुटला नाहीं.

धंद्यांत पडून त्याला दोनच वर्षें झालीं होतीं. मे महिना होता. वरच्या मजल्यावरची एक दोन खोल्यांची जागा, नुकताच पांढरा रंग दिलेली. पश्चिमेची भिंत पावसांत पाझरते, हें त्याला शेजाऱ्याकडून समजलें होतें. घेणारें कुटुंब म्हणजे एक तरुण कारकून, त्याची बायको आणि म्हातारी आई. गांवाकडचा जमिनीचा तुकडा विकून त्यांनीं पैसे उभे केले होते. त्यांनीं भिंतीविषयीं विचारलें नाहीं, आणि त्यानेंहि सांगितलें नाहीं. सौदा झाला, अर्धी दलाली लगेच मिळाली, अर्धी जुलैमध्यें द्यावयाची ठरली. जुलैमध्यें तो ती मागावयास गेला, तेव्हां बाहेर धोधो पाऊस होता आणि आंत भिंतीकडेला परात, पातेलें आणि एक बादली ओळीनें मांडलेली होती. अंथरुणें दाराशीं गुंडाळून ठेवलेलीं. म्हातारीनें त्याला बसावयास पाट दिला, चहा दिला, आणि रागाचा शब्दहि न काढतां विचारलें, ‘भाऊ, तुम्हांला हें ठाऊक नसेल, नाहीं का?’

‘नाहीं हो, आई,’ तो म्हणाला. नोटा मोजून घेतल्या आणि जिना उतरला.

त्या दिवसापासून तो साधुसंत झाला असें नाहीं. किंमतींत घासाघीस करतांना तो आजहि दोन्ही बाजूंना थोडें थोडें निराळें सांगतो, आणि त्यांत त्याला पाप वाटत नाहीं. पण वरच्या मजल्याची जागा उन्हाळ्यांत कोणाला पसंत पडली, कीं तो म्हणतो, ‘एक पावसाळा जाऊं द्या, मग बयाणा द्या.’ मालकांना हें रुचत नाहीं. कित्येकांनीं त्याच्याकडून किल्ल्या परत नेल्या. बायकोनें एकदां हिशेब घालून दाखविला, कीं या एका वाक्यापायीं एका वर्षांत मुलीच्या कॉलेजच्या फीएवढी रक्कम गेली. हिशेब बरोबर होता. ज्या गल्लींत ती पाझरणारी भिंत होती, तेथें मात्र तो जागा घेत नाहीं. कोणी विचारलें तर म्हणतो, ‘तो आपला टापू नव्हे.’

रविवार हा सगळ्यांच्या विश्रांतीचा दिवस, म्हणून त्याच्या कामाचा. गिऱ्हाइकांना सवड रविवारींच असते. त्यामुळें त्याची विश्रांति रात्रीं उशिरां, चाळींतल्या दोन खोल्यांपुढच्या गॅलरींत. दुसऱ्यांना फ्लॅट दाखविणारा हा गृहस्थ स्वतः वडिलांच्या वेळच्या पागडीच्या जागेंत राहतो, ही गोष्ट त्याच्या गिऱ्हाइकांना फार चमत्कारिक वाटते. त्याला वाटत नाहीं. गॅलरींतल्या दिव्याखालीं तो रेल्वेचें वेळापत्रक वाचतो. कादंबरी वाचावी तसें वाचतो. आतां गाड्यांच्या वेळा मोबाइलवर मिळतात, तरी त्याच्याजवळ जुन्या छापील वेळापत्रकांची एक चळत आहे, आणि भुसावळला कोणती गाडी किती मिनिटें थांबते, यावर त्याचें शेजाऱ्याशीं भांडणहि होतें.

त्याच्या प्रवासाचे दिवस मात्र पंचांगानेंच ठरवून दिलेले आहेत. पितृपक्षांत घर घ्यावयास कोणी तयार होत नाहीं. अक्षय्य तृतीया, दसरा, पाडवा या दिवशीं ज्याला जेवावयास फुरसत नसते, त्याचा फोन भाद्रपदाच्या वद्य पक्षांत मुका होतो. त्या पंधरवड्यांतली वडिलांची तिथि आटोपली, कीं नवराबायको निघतात. पाऊस ओसरत आलेला, घाट हिरवे, गाडींत जागा मिळण्यासारखी. ज्या दिवसांना लोक अशुभ म्हणतात, त्यांनींच त्याला निम्मा हिंदुस्थान दाखविला.

प्रवासांतहि त्याची नजर धंद्याचीच. कलकत्त्याच्या संग्रहालयांत भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावरचें एक शिल्प आहे. अनाथपिंडिक नांवाचा व्यापारी बुद्धासाठीं जेत राजपुत्राचें उपवन विकत घेतो, त्याचा तो देखावा. बैलगाडींतून नाणीं उतरलेलीं आहेत आणि माणसें तीं जमिनीवर कडेला कड लावून पसरीत आहेत. कथा अशी, कीं नाण्यांनीं सारी जमीन झांकलीस तरी देणार नाहीं, असें राजपुत्र म्हणाला. व्यापाऱ्यानें तोच भाव धरला, तंटा न्यायाधिकाऱ्यांपुढें गेला आणि भाव बोलला म्हणजे सौदा झाला, असा निकाल लागला. इतर प्रवासी त्या शिल्पापुढून पुढें गेले. हा पाऊण तास उभा होता. परतीच्या हावडा मेलमध्यें त्यानें बायकोला तो निकाल तीन वेळां सांगितला.

पुढच्या एका पितृपक्षांत दोघें नाशिकला गेलीं. गांवाच्या दक्षिणेला पांडवलेणीं आहेत. त्यांतल्या दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. ब्राह्मी त्याला वाचतां येत नाहीं. पण भाषांतर त्यानें वहींत उतरून आणलें होतें, आणि व्हरांड्यांत उभा राहून तो तें बायकोला वाचून दाखवूं लागला. उषवदातानें भिक्षूंच्या अन्नासाठीं एक शेत विकत घेतलें: विकणारा वाराहीपुत्र अश्विभूति नांवाचा ब्राह्मण, किंमत ४००० कार्षापण, शेत विकणाऱ्याच्या वडिलांच्या मालकीचें, नगराच्या सीमेवर वायव्येला. दुसऱ्या लेखांत ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवल्याची हकीकत. २००० वर दरमहा शेंकडा एक आणि १००० वर शेंकडा पाऊण व्याज. आणि हें सारें निगमसभेंत ऐकवून रिवाजाप्रमाणें फलकांवर नोंदविलें, असा शेवट.

‘घेणारा आहे, देणारा आहे, वडिलोपार्जित हक्क आहे, दिशा आहे, किंमत आहे, नोंदणीसुद्धां आहे,’ तो वही मिटीत म्हणाला. ‘दलालाचें नांव तेवढें नाहीं.’

‘दलाली मिळाली असेल त्याला,’ बायको म्हणाली.

बाहेर पावसाची सर आली होती. आंतल्या बाजूला भिक्षूंच्या खोल्यांची ओळ होती. तो एकींत शिरला, सवयीनें कोपऱ्यांत ओल पाहूं लागला आणि बोटांच्या पेरांनीं भिंतीवर ठोकलें. ‘अहो, ही जागा विकायची नाहीं,’ बायको दारांतून म्हणाली. तेवढ्यांत फोन वाजला. वरच्या मजल्यावरची जागा, छायाचित्रांवरून पसंत पडलेली. मालकाला घाई, पण पितृपक्ष संपल्यावर दसऱ्याला पाहून लगेच बयाणा देऊं म्हणतात. त्यानें एकवार बाहेरच्या सरीकडे पाहिलें.

‘दसऱ्यापर्यंत थांबूं नका,’ तो म्हणाला. ‘बयाणा तेव्हां द्या हवा तर; पण पाहायला उद्यांच या. पाऊस आहे तोंवर. मी संध्याकाळच्या गाडीनें निघतों.’

त्र्यंबकेश्वर अजून व्हावयाचें होतें. बायकोनें कांहीं न बोलतां कोपऱ्यांतली छत्री उचलली.