सतरावा दिवस

कांहीं दिवसांपूर्वीं एका आजारी मित्राच्या समाचारास गेलों होतों. दोन वर्षें झालीं, ते अंथरुणास खिळले आहेत. बोलतां बोलतां ते म्हणाले, "तुम्ही ख्रिस्ती लोक सांगतां कीं दुःखांत टिकून राहा, पुढें अनंतकाळ आहे. पण हें माणसाला उभें करणारें औषध आहे, कीं नुसती गुंगी आणणारें?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो अशा जागेवरून आलेला होता कीं तेथें पोथींतल्या वचनांनीं भागत नाहीं. मीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. परत येतांना मात्र एक दूर देशची हकीकत मनांत घोळूं लागली. तीच आज आपल्यापुढें मांडावयाची आहे. ती घडली जपानांत, नागासाकी शहरीं आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत. पण तिचा एक धागा आपल्या वसईपर्यंत येऊन पोंचतो.

ज्यांचा देह आज जुन्या गोव्यांतील बॉम जेजूच्या मंदिरांत आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजीं जपानच्या कागोशिमा बंदरांत उतरले. पुढील साठ-सत्तर वर्षांत त्या देशांतील ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या घरांत गेली असा अंदाज आहे. संख्येबरोबर राज्यकर्त्यांचा संशयही वाढला. आज परदेशी पाद्री आले, त्यांच्यामागून गलबतें येतील आणि गलबतांमागून परक्यांचें राज्य येईल, ही त्यांची भीति अगदींच निराधार होती असें आपण, ह्या कोंकणकिनाऱ्यावरचे लोक, म्हणूं शकणार नाहीं.

ह्या संशयाचा पहिला मोठा तडाखा १५९७ सालीं बसला. त्या वेळचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्या हुकमानें २४ ख्रिस्ती लोकांचे कान कापण्यांत आले, आणि भर हिंवाळ्यांत त्यांना क्योतोकडून नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. वाटेंत आणखी दोघे त्यांच्यांत सामील झाले. ५ फेब्रुवारी रोजीं निशिझाका टेकडीवर त्या २६ जणांना क्रुसीं दिलें. त्यांतील सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. आणि त्यांतच एक होते गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचे. पिता पोर्तुगीज, माता ह्याच मुलखांतली. तरुणपणीं ते जपानांत गेले, तेथील भाषा उत्तम शिकले, कांहीं काळ व्यापारही केला, आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल होऊन दुभाष्या म्हणून पुन्हां जपानांत आले. १८६२ सालीं रोमनें त्या २६ जणांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेले पहिले संत ते हेच. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय आज वसईंत आहे.

पण श्रोतेहो, हुतात्म्यांची थोरवी गाण्यासाठीं मीं आज ही हकीकत काढलेली नाहीं. हुतात्म्याची परीक्षा कठोर खरी, पण ती एकदां होते आणि संपते. जे मागें उरतात, ज्यांना उद्यां सकाळीं उठून शेतावर जावयाचें असतें, पोराबाळांना जेवूं घालावयाचें असतें, आणि ज्यांचें संकट उद्यांही संपणार नसतें, त्यांचें काय? टिकून राहणें हा शब्द खरा त्यांच्यासाठीं आहे.

१६१४ सालीं सर्व जपानभर ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. पाद्री हद्दपार झाले, लपून राहिलेले एकेक करून सांपडले, आणि १६४४ च्या सुमारास देशांत एकही धर्मगुरु उरला नाहीं. चव्हाट्यावर पाट्या लागल्या कीं ख्रिस्ती मनुष्य दाखवून देणाऱ्यास चांदीचें बक्षीस मिळेल. पांच-पांच घरांचा एक गट करण्यांत आला. एकाचा अपराध पांचांच्या माथीं. प्रत्येक कुटुंबानें बौद्ध मंदिरांत नांव नोंदविलें पाहिजे असा कायदा झाला. आणि नागासाकीकडे दर वर्षीं नवीन वर्षारंभीं गांवच्या मुख्याच्या घरीं सर्वांनीं जमावयाचें, आणि जमिनीवर ठेवलेल्या ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय देऊन पुढें जावयाचें, अशी वहिवाट पडली. जो पाय उचलतांना अडखळेल तो ख्रिस्ती.

आतां येथें मनुष्यस्वभावाचा कस लागतो. कित्येकांनीं पाय दिला नाहीं आणि ते मेले. परंतु ज्या घराण्यांतून हा धर्म पुढें टिकला, त्यांनीं पाय दिला. म्हाताऱ्यांनीं दिला, लेकुरवाळ्या बायांनीं दिला, मुलांना हातीं धरून दिला. मग ते घरीं आले, दारें लावलीं, आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणूं लागले. जेथें पापनिवेदन ऐकावयास धर्मगुरु नाहीं, तेथें मनापासून केलेल्या पश्चात्तापानें देव क्षमा करितो, अशी शिकवण जुन्या पाद्र्यांनीं एका लहानशा पुस्तकांत त्यांच्यासाठीं ठेविली होती. दर वर्षीं तो पाय, आणि दर वर्षीं ती प्रार्थना. असें दोनशें वर्षें चाललें.

ह्याला कोणी भ्याडपणा म्हणेल. पूर्वीं मलाही तसेंच वाटे. पण वय वाढलें तशी माझी जीभ आवरत गेली आहे. कधींच न पडणें हें थोड्यांचें भाग्य आहे. पडल्यावर त्याच संध्याकाळीं पुन्हां उठणें, आणि पुढल्या वर्षीं आपण पुन्हां पडणार हें ठाऊक असूनही उठणें, हें बहुतेक माणसांच्या वांट्याचें टिकणें आहे. ज्याला वाटतें कीं आपला सर्व हिशेब ह्या जगांतच आणि आजच पुरा व्हावयाचा आहे, तो अशा पराभवानंतर वही मिटून टाकील. ह्या लोकांनीं ती मिटली नाहीं. कारण हिशेब पाहणारा दयाळू आहे आणि त्याच्याजवळ काळाची तूट नाहीं, ह्यावर त्यांचा भरंवसा होता.

धर्मगुरु नाहींत, मंदिर नाहीं, उघडपणें ठेवण्याजोगा ग्रंथ नाहीं. मग त्यांनीं काय राखलें? नागासाकीजवळच्या उराकामी खेड्यांत त्यांची एक साधी व्यवस्था होती. एक मनुष्य नवजात बालकांस बाप्तिस्मा देई. कांहीं मनुष्यें घरोघर निरोप पोंचवीत. आणि ह्या सर्वांचा जो प्रमुख, त्याचें काम काय? तर पंचांग सांभाळणें. कोणता दिवस रविवार, कोणत्या दिवशीं नाताळ, उपासाचे चाळीस दिवस केव्हां लागतात, पुनरुत्थानाचा सण केव्हां येतो, हें तो मोजी व लोकांना गुपचूप कळवी. हें पंचांग बास्तियन नांवाच्या एका जपानी धर्मशिक्षकानें लावून दिलें अशी परंपरा आहे. प्रार्थनांतले मूळ लॅटिन शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडांत झिजून त्यांचा अर्थही कळेनासा झाला. पण दिवसांची मोजणी सुटली नाहीं. ह्याच बास्तियनाच्या नांवावर एक भविष्यही ते सांगत: सात पिढ्या लोटल्यावर मोठ्या काळ्या गलबतांतून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरु पुन्हां येतील.

सात पिढ्या! आपण आंब्याचें कलम लावतों तें फार तर नातवंडांसाठीं. ज्यानें हें भविष्य पहिल्यानें ऐकलें त्याला स्पष्ट ठाऊक होतें कीं तें आपल्या हयातींत फळणार नाहीं, मुलाच्या नाहीं, नातवाच्याही नाहीं. तरी तो मोजीत बसला. माझ्या मतें अनंतकाळाच्या आशेचें हेंच खरें लक्षण. आपल्या श्वासाबरोबर सगळें संपणार नाहीं अशी ज्याची खात्री आहे, त्यालाच आपण पाहणार नाहीं अशा दिवसासाठीं आजचें काम नीट करतां येतें.

पुढें जपानचीं बंदरें परदेशीयांस खुलीं झालीं. त्यांच्या उपयोगासाठीं नागासाकीस ओउरा येथें एक मंदिर बांधण्यांत आलें, आणि तें १५९७ च्या त्या २६ हुतात्म्यांस अर्पण झालें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामीचे दहा-पंधरा शेतकरी, बायामाणसें, मुलें मंदिर पाहावयाच्या निमित्तानें आलीं. फ्रेंच पाद्री पेतिजाँ प्रार्थना करीत होते. एक प्रौढ स्त्री त्यांच्याजवळ गेली आणि अगदीं हळू आवाजांत तिनें सांगितलें कीं आमचें अंतःकरण आणि तुमचें अंतःकरण एकच आहे. मग तिनें विचारलें, मरियेची मूर्ति कोठें आहे? आणि नंतर त्या लोकांनीं आपल्या सणांविषयीं सांगितलें: सध्यां आम्ही दुःखाचा काळ पाळीत आहों, आज त्याचा सतरावा दिवस, तुम्ही तो पाळतां काय?

श्रोतेहो, त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्च रोजीं आला होता. बोटें मोजून पाहावें. १७ मार्च हा उपासकाळाचा सतरावाच दिवस होता. बंदीला २५१ वर्षें झालीं होतीं, आणि ह्या अडाणी म्हणविणाऱ्या शेतकऱ्यांचें पंचांग एका दिवसानेंही चुकलें नव्हतें!

येथें गोष्ट संपती तर ती फार गोड झाली असती. पण आशा सफळ झाली म्हणजे संकट टळतें असें नाहीं. बंदीचा कायदा अद्याप कायम होता. हीं घराणीं उघडकीस आलीं आणि १८६७ पासून पुन्हां धरपकड सुरू झाली. उराकामीचे सुमारें ३,४०० लोक, तान्ह्या मुलांसह, दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार झाले. उपासमार, थंडी, गोठलेल्या तळ्यांत बुडविणें, असा त्यांचा छळ झाला. सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. कांहींनीं छळ असह्य होऊन धर्म सोडला असें कबूल केलें, आणि नंतर त्यांतले कित्येक पुन्हां परतले. १८७३ सालीं पाट्या उतरल्या आणि उरलेले घरीं आले. ह्या साऱ्या हालांना त्यांनीं आपसांत जें नांव दिलें तें एका शब्दाचें होतें: "प्रवास". ज्याला मुक्कामाचें गांव ठाऊक आहे तोच वाटेला प्रवास म्हणतो. एरवीं ती नुसती भटकंती.

परत आल्यावर त्यांनीं जी जागा विकत घेतली ती गांवच्या मुख्याच्या घराची, म्हणजे जेथें त्यांच्या आजापणजांनीं दर वर्षीं प्रतिमेवर पाय दिला तीच. तेथें १८९५ पासून वीट-वीट जमवून मोठें मंदिर बांधलें. तें १९१४ सालीं उभें राहिलें. आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं अकरा वाजून दोन मिनिटांनीं तेथून अवघ्या सुमारें ५०० मीटरांवर अणुबाँब फुटला. उराकामीच्या १२,००० ख्रिस्ती लोकांपैकीं अदमासें ८,५०० मरण पावले. मंदिरांत त्या क्षणीं जे होते त्यांतील एकही वांचला नाहीं.

त्या राखेंत डॉक्टर ताकाशि नागाई आपलें घर शोधीत आले. ते क्ष-किरणशास्त्राचे अध्यापक. ह्याच कामानें त्यांना रक्ताचा कर्करोग जडला होता. त्यांची पत्नी मिदोरी ही उराकामीच्या त्या पंचांग राखणाऱ्या प्रमुखांच्याच घराण्यांतली. घराच्या जागीं तिचीं जळालेलीं हाडें सांपडलीं आणि त्यांच्याजवळ तिची जपमाळ. त्या वर्षीच्या नोव्हेंबरांत मृतांसाठीं झालेल्या प्रार्थनेच्या वेळीं नागाई म्हणाले कीं हे बळी म्हणजे शांततेसाठीं देवास वाहिलेलें होमार्पण होय. त्यांचें हें म्हणणें पुष्कळांना पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाही पटत नाहीं. माणसांनीं केलेल्या संहाराचें ओझें देवाच्या माथीं ठेवतां येत नाहीं. परंतु त्यांच्या वाणीपेक्षां त्यांची करणी मला मोठी वाटते. स्वतः जखमी असतांना त्यांनीं जखमींची शुश्रूषा केली. पुढें दोन चटयांएवढ्या झोंपडींत पडल्या पडल्या पुस्तकें लिहिलीं, दोन मुलांना वाढविलें, आणि १ मे १९५१ रोजीं डोळे मिटले. मंदिराच्या ढिगाऱ्याखालीं एक घंटा शाबूत सांपडली होती. १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं लोकांनीं ती टांगून वाजविली. तिची फुटलेली जोडीदारीण मात्र मुकीच राहिली. अमेरिकेंतील ख्रिस्ती लोकांनीं दिलेली नवी घंटा तिच्या जागीं बसली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजीं दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

आतां माझ्या मित्राच्या प्रश्नाकडे वळतों. गुंगीचें लक्षण हें कीं तींत माणसाची दिवसांची शुद्ध हरपते. आज वार कोणता, हें गुंगींतल्या माणसास सांगतां येत नाहीं. अनंतकाळाच्या आशेनें उराकामीच्या लोकांना गुंगी आणली असती, तर त्यांचें पंचांग पहिल्या दहा वर्षांतच चुकलें असतें. घडलें तें उलट. अनंतावर दृष्टि ठेवणाऱ्यांनींच एकेक दिवस जपून मोजला, त्या दिवशीं जें करावयाचें तें केलें, पडले तेथून उठले, आणि मोजणी पुढच्याच्या हातीं दिली.

पुढल्या आठवड्यांत मी मित्राकडे जाणार आहें. आपलें दुखणें बरें होईल असें मी त्यांना सांगणार नाहीं. तें माझ्या हातीं नाहीं. सतराव्या दिवसाची ही गोष्ट सांगेन, आणि त्यांच्या उशाशीं थोडा वेळ बसेन.