नहेम्याने झटकलेला पदर



वर्धापनदिनानिमित्त 'आजची नीतिभ्रष्टता' ह्या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. हा विषय निघाला की आपण पुढाऱ्यांकडे, व्यापाऱ्यांकडे नि तरुण पिढीकडे बोट दाखवतो. मीही तेच करणार होते. परंतु तयारीसाठी पवित्र शास्त्रातील नहेम्याचे पुस्तक उघडले आणि बोट माझ्याकडेच वळले.

नहेम्या हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. इ. स. पूर्व पाचव्या शतकात तो यरुशलेमेस आला व शहराचा पडलेला तट त्याने 52 दिवसांत उभा करविला, हे पुष्कळजणींस ठाऊक असेल. पण पाचवा अध्याय आपण भरभर वाचून जातो. त्यात गोरगरीब माणसे व त्यांच्या बायका आक्रोश करीत येतात. शत्रूविरुद्ध नव्हे, आपल्याच भाऊबंदांविरुद्ध! दुष्काळात धान्यासाठी शेते, घरे, द्राक्षमळे गहाण पडले होते. राजाचा कर भरायला कर्ज झाले होते. पोटच्या मुली दासी झाल्या होत्या.

नहेम्या संतापला, पण आधी त्याने मनाशी विचार केला. मग सरदारांना दोष दिला आणि भरसभेत कबूल केले की, मी, माझे भाऊ नि माझे चाकरही पैसा व धान्य कर्जाऊ देत आहोत. आता हे व्याज आपण सोडून देऊ. शेते नि घेतलेले व्याज परत करण्याची त्याने सरदारांकडून शपथ घेतली व आपला पदर झटकला: जो वचन पाळणार नाही, त्याला देव असाच झटकून टाको! स्वतः 12 वर्षे सुभेदार असून सुभेदाराचा भत्ता त्याने घेतला नाही.

भगिनींनो, गेल्या वर्षी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईने मुलाच्या आजारपणासाठी पाच हजार रुपये मागितले. मी दिले, पण तिची कानांतली फुले ठेवून घेतली नि पगारातून हप्ता कापताना दरमहा शंभर रुपये व्याज धरले. 'बँकेत ठेवले असते तर मलाही मिळालेच असते,' अशी मनाची समजूत घातली. त्या सरदारांचे व्याज शेकडा एक होते. माझे दरमहा शेकडा दोन पडत होते! आणि मी इथे बसून भ्रष्टाचारावर बोलत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी ती येताच फुले नि घेतलेले सर्व व्याज तिच्या हातावर ठेवले; राहिलेले मुद्दल सवडीने दे, म्हटले. ती काहीच बोलली नाही. फुले कानांत घालून भांड्यांकडे वळली. तिच्या त्या मुकेपणाने मला जे शिकवले, ते कोणत्याच व्याख्यानाने शिकवले नव्हते.

आज मोबाईलवर क्षणात कर्ज मिळते आणि अडलेली बाई त्यात अधिकच रुतते. म्हणून मंडळाला माझी एकच विनंती आहे. आपल्या शिलकेतून अशा बाईला बिनव्याजी रक्कम देण्याचा ठराव करावा. पहिले पाचशे रुपये मी आजच देते.