वंशसंहाराची पूर्वतयारी
(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं असा अमंगळ विषय कां निवडला, असें कित्येकांच्या मनांत येईल. परंतु ज्या देशाची हकीकत मी सांगणार आहें, तेथील बहुसंख्य लोक 1994 सालीं आपल्याच धर्माचे होते. तो देश म्हणजे आफ्रिका खंडांतील रवांडा.

त्या वर्षीं एप्रिलपासून सुमारें शंभर दिवसांत तेथें तुत्सी जमातीचीं पांच ते आठ लाख माणसें मारलीं गेलीं. तेथील सरकार हा आंकडा दहा लाखांहून अधिक सांगतें. संहारास विरोध करणारे हुतूही त्यांत बळी पडले. मारणारे सैनिक होते तसेच ओळखीचे शेजारीही होते, आणि त्यांच्या हातीं शेतांतले कोयते होते. हें ऐकून आपण सहज म्हणतों, रानटी लोक ते. पिढ्यांचें वैर उफाळलें असेल. हा समज मला मुळींच मान्य नाहीं. हुतू व तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच डोंगरावर शेजारीं राहत, परस्परांत लग्नें करीत, एकाच वेदीपुढें गुडघे टेकीत. तें वैर घडविलेलें होतें, आणि घडविण्यास साठ वर्षें लागलीं.

आरंभ शस्त्रानें झाला नाहीं, कागदानें झाला. पूर्वीं हा भेद पुष्कळसा गुरेंढोरें व राजदरबारचा मान ह्यांवर ठरे, आणि क्वचित् बदलेही. बेल्जियन राज्यकर्त्यांनीं 1930 नंतरच्या दशकांत प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात लिहविली. मग ती बापाकडून मुलाकडे वारशानें जाऊं लागली. मिशनच्या शाळांनींही त्या काळीं तुत्सी मुलांस झुकतें माप दिलें, हें आपण कॅथलिकांनीं लपवूं नये. 1959 मध्यें वारें फिरलें आणि हजारों तुत्सी देशोधडीस लागले. 1962 मध्यें स्वातंत्र्य आलें, तरी ओळखपत्रावरील ती ओळ राहिली. तिचा जाच कोणास, एवढेंच बदललें. शाळेंत मास्तर 'तुत्सी मुलांनीं उभें राहावें' असें फर्मावीत, आणि मुलें उभीं राहत. त्या दिवशीं कोणी मेलें नाहीं. मुलें खालीं बसलीं आणि फळ्यावरचें गणित पुढें चालू झालें.

1990 च्या ऑक्टोबरांत निर्वासितांच्या मुलांनीं उभारलेल्या सैन्यानें युगांडांतून चढाई केली. लोकांचें भय खरें होतें. सत्ताधाऱ्यांनीं तें आपल्या कामीं लाविलें. प्रत्येक तुत्सी शेजारी शत्रूचा हस्तक ठरला. 'कांगुरा' नांवाच्या पत्रानें हुतूंसाठीं दहा आज्ञा छापिल्या. दहाच कां, हें धर्मशिक्षणाच्या वर्गांत बसलेल्यांस सांगावयास नको. 1993 सालीं एक नवें रेडिओ केंद्र सुरू झालें. त्याच्या गाण्यांत व थट्टामस्करींत तुत्सी हे 'झुरळ' झाले. झुरळ चिरडतांना कोणाचें मन कचरतें? पुढें हत्येसच 'काम' म्हणूं लागले. सरकारनें ठरविलेल्या दिवशीं सर्वांनीं मिळून रस्ते, बांध दुरुस्त करावेत अशी तेथें रीत होती. अधिकाऱ्यानें बोलाविलें कीं अवजार घेऊन निघावयाचें, ही संवय अंगवळणी पडलेलीच होती.

6 एप्रिल 1994 रोजीं राष्ट्राध्यक्षांचें विमान पाडलें गेलें. रस्त्यारस्त्यांवर अडथळे उभे राहिले, आणि तेथें प्रत्येकाजवळ तेंच ओळखपत्र मागण्यांत आलें.

लोक ख्रिस्तमंदिरांकडे धांवले, कारण पूर्वींच्या दंग्यांत तेथें आश्रय मिळाला होता. ह्या वेळीं तींच वधस्थानें झालीं. न्यांगे येथें आंत सुमारें दोन हजार माणसें असतां मंदिर यंत्र लावून पाडण्यांत आलें; तेथील धर्मगुरु अथानासे सेरोम्बा ह्यांस आंतरराष्ट्रीय न्यायालयानें 2008 सालीं अपिलांत जन्मठेप दिली. ह्याच काळांत गिसेन्यी येथें फेलिसितास नियितेगेका ह्या हुतू धर्मभगिनीनें तुत्सींना आसरा दिला. त्यांना सोडून जीव वांचविण्याची संधि असतां ती तिनें नाकारली, व ती त्यांच्याबरोबरच मारली गेली. 2017 सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं ख्रिस्तसभेच्या व तिच्या लोकांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहींतलें नांव खरें कीं ओळखपत्रावरची जमात खरी, हा प्रश्न तेथील बहुतेकांनीं कधीं विचारलाच नाहीं. 1994 सालीं तो विचारण्यास फार उशीर झाला होता आणि त्याचें मोल प्राण हेंच होतें. मास्तरांनीं मुलें उभीं केलीं त्या दिवशीं तो विचारतां आला असता. फार तर नोकरी गेली असती.

त्याच न्यांगे गांवीं 18 मार्च 1997 च्या रात्रीं हत्यारबंद लोक एका शाळेंत शिरले, आणि हुतू एका बाजूस व तुत्सी दुसऱ्या बाजूस व्हा, असा त्यांनीं हुकूम केला. मुलें हललीं नाहींत. आम्ही सारे रवांडाचेच, असें त्यांनीं उत्तर दिलें. त्यांच्यांतील कांहीं त्याच रात्रीं प्राणांस मुकले.